पहिलं पाणी

आई, तुझी ती पांढरी पिशवी पुन्हा घरात आली आहे. मांजरपाटाची, नाडीवाली, कोपऱ्यात तू लाल दोऱ्याने क्रूस भरला होतास ती. दोरा आता गुलाबी पडलाय, नाडी कोणीतरी बदललीय, पण पिशवी तीच. तुझं विसरणं वाढलं तेव्हापासून, आणि तू गेल्यावरही अकरा वर्षं, ती पलीकडच्या गल्लीतल्या आंटीकडे होती. वेदीची कापडं तीच धुवायची, तुझ्याइतकी नीट नाही, पण धुवायची. आता तिला दिसेनासं झालंय आणि मुलाने तिला वसईला नेलंय. म्हणून दोन रविवारांपूर्वी मिस्सा संपल्यावर फादरनी मला दारात गाठलं. हे फादर नवीन आहेत, तिशीतले, भराभर बोलतात. म्हणाले, "तुमच्या आईने तीस वर्षं चर्चची कापडं धुतली म्हणे. मग आता तुम्हीच घ्या ना, तुमच्या घरातलंच काम आहे." मी म्हटलं, माझ्याने नाही व्हायचं, माझी कंबर दुखते. "रुमाल धुवायला कंबर कशाला लागते?" असं म्हणून त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढच्या माणसाशी बोलायलाही लागले.

कंबरेचं कारण मी अकरा वर्षं वापरतेय. कम्युनियनची भाकर घ्यायच्या रांगेत मी उभी राहत नाही, शेवटच्या बाकावर दाराजवळ बसून असते, कोणी विचारलंच तर कंबर. लोकांना ते पटतं, कारण तुला उचलता-बसवताना माझी कंबर गेली हे सगळ्या गावठाणाला माहीत आहे. खरं कारण कोणालाच माहीत नाही. तर ती पिशवी घरी आणून मी खुर्चीवर ठेवली आणि तीन दिवस त्या खुर्चीवर बसले नाही. चहासुद्धा ओट्याशी उभं राहून प्यायले. साठी उलटलेली बाई एका पिशवीला भिते, कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं. मला मात्र वाटत होतं की हे हात त्या कापडांना लावायचे नाहीत. जे हात तुझ्यावर उठले ते नाहीतच.

तुझा धुण्याचा वार बुधवार. सकाळी स्वयंपाक उरकला की तू निळ्या काठाचं एनॅमलचं भांडं काढायचीस. त्या भांड्यात दुसरं काही कधी ठेवलं नाहीस, कांदे ठेवले म्हणून एकदा पप्पांशी दोन दिवस बोलली नव्हतीस. आधी नुसतं पाणी, साबण नाही. चषक पुसलेले छोटे रुमाल आणि वेदीवर अंथरायचं चौकोनी कापड त्यात बुडवायचं, हलक्या हाताने खळबळायचं आणि ते पहिलं पाणी मोरीत न ओतता मागच्या दाराने नेऊन कढीपत्त्याच्या बुंध्याशी घालायचं. चषकाच्या काठावरचा थेंब, भाकरीचा एखादा कण त्या कापडात राहिला असेल, आणि तो प्रभूच्या देहाचा-रक्ताचा. तो गटारात जाता कामा नये, मातीत गेला पाहिजे. त्यानंतर साबण, मग खळ, मग अर्धवट ओलं असतानाच इस्त्री. चौकोनी कापडाच्या नऊ घड्या, सगळ्या आतल्या बाजूला. वरून विमान गेलं की आपलं बोलणं थांबायचं, इस्त्री थांबायची नाही. त्या झाडाला कढीपत्ता असा फुटायचा की सगळी गल्ली आमटीच्या फोडणीला आपल्याकडे यायची. हिंदू, मुसलमान, सगळे. तू ओच्यात भरभरून द्यायचीस आणि कोणाला काही सांगायची नाहीस. मी एकदा म्हटलं, त्यांना माहीत आहे का या झाडाला कसलं पाणी घालतेस? तू म्हणालीस, "झाडाला माहीत हाय. बस झालं."

मी चौदा वर्षांची असताना ते पाणी मोरीत ओतलं. शाळेतून आले होते, मैत्रीण बाहेर हाका मारत होती, तू मला फक्त भांडं मागे नेऊन रिकामं करायला सांगितलंस आणि मी आळस केला. मोरी दोन पावलांवर होती. तू वळून पाहिलंस तेव्हा शेवटचं पाणी जाळीतून खाली चाललं होतं. मला वाटलं आता कानाखाली बसणार. माझ्या सगळ्या मैत्रिणींना घरी मार बसायचा, मला का बसत नाही याचंच मला तेव्हा कोडं होतं. तू मोरीत गुडघ्यावर बसलीस, जाळी उचललीस, आत दिसेल तेवढं हाताने साफ केलंस, आणि त्या घाण हातांनीच क्रूसाची खूण केलीस. मला इतकी लाज वाटली की मी उलट उत्तर दिलं. म्हटलं, त्या रुमालाला चषकातून प्यायलेल्या परवाच्या नवरीची लिपस्टिक लागली होती, आणि म्हाताऱ्या फादरांनी सांडलेली वाइन. सगळे म्हणतात त्यांचे हात पिऊन थरथरतात. कसलं पवित्र त्यात?

तू हात धुतलेस, पदराला पुसलेस. मग म्हणालीस, "हात थरथरतात म्हणून देव खाली पडत नाय गो. पडला तरी मी हाय ना पुसाला." एवढंच. रागाने नाही, भाजीचा भाव सांगावा तसं. पुढच्या बुधवारी तू भांडं पुन्हा माझ्याच हातात दिलंस. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आता वाटतं.

पुढचं तुला आठवत नसणार, म्हणून सांगते. तुझं विसरणं किल्ल्यांपासून सुरू झालं, मग नावं गेली, मग माणसं गेली. मी मरोळच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होते, आठ तास उभं राहून डब्यांत गोळ्यांच्या पट्ट्या भरायच्या. सकाळी तुला सांभाळायला बाई यायची, मी परत येईपर्यंत थांबायची, शनिवारी मात्र बारापर्यंतच. दादा कॅनडाहून रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. मी तुझे केस विंचरून, पावडर लावून तुला खुर्चीत बसवायची, आणि तो म्हणायचा, "मम्मी किती फ्रेश दिसते गं." दुरून डोंगर साजरे. मी त्याला काही म्हटलं नाही, म्हणायला हवं होतं. तुझं सगळं गेलं, पण हातांची सवय गेली नाही. जे कापड हाती येईल त्याच्या तू नऊ घड्या करायचीस. टॉवेल, माझी ओढणी, वर्तमानपत्र, एकदा तर माझी पगाराची पावती. आणि पाणी. कुठल्याही पाण्यात कापड बुडवायचं आणि ते पाणी मगात घेऊन झाडाला घालायला निघायचं, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. बाई वैतागायची. मी म्हणायची, जाऊ दे, कोणाला त्रास तर नाही ना.

तो शनिवार होता, माझा अर्धा दिवस. दोन वाजता मी घरी आले. बाई बाराला निघून गेली होती. दार उघडलं आणि पाय सरकला, गुडघ्यावर पडले. घरभर पाणी. तू कपाट रिकामं केलं होतंस. माझे कपडे, चादरी, पप्पांचा लग्नाचा कोट, सगळं बादल्यांत बुडवलं होतंस आणि एकेक मग मागे झाडाला नेत होतीस. तुझा गाऊन छातीपर्यंत भिजलेला, ओठ निळे पडलेले. नळ चालूच. मी उठून नळ बंद करायला गेले तर तू मला दोन्ही हातांनी ढकललंस. "थांब गो, पैलं पानी हाय. मोरीत नाय टाकाचं." मी म्हटलं, आई, बाजूला हो. तू पुन्हा ढकललंस. आणि माझा हात गेला. तुझ्या डाव्या गालावर, पाची बोटं. ज्या बाईने मला जन्मात कधी बोट लावलं नाही तिच्या.

मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि रडायला लागले. तू जवळ आलीस. तुझ्या हातात एक ओला रुमाल होता, माझाच, डब्यावर बांधायचा. त्याने तू माझं तोंड पुसायला लागलीस, आधी कपाळ, मग डोळे, मग ओठ, जसा चषकाचा काठ पुसतात तसं, हळूहळू, एकच दिशा धरून. आणि विचारलंस, "कोणाची गो तू?" तुझी, एवढा एक शब्द होता आणि तो माझ्या तोंडून निघाला नाही. मग तू तो रुमाल मगात बुडवलास, खळबळलास आणि ते पाणी दोन हातांत धरून मागच्या दाराने चालू लागलीस. मी उंबऱ्यावरूनच पाहत होते. तू ते बुंध्याशी घातलंस, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि क्रूसाची खूण केलीस. माझ्या तोंडाचं पाणी होतं ते. रडण्याचं, शेंबडाचं, घामाचं. तू ते मोरीत ओतलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी आंटी तुला भेटायला आली, गालावरची खूण पाहून म्हणाली, काय गं झालं? मी म्हटलं, बाथरूममध्ये पडली. ती म्हणाली, "जप स्वतःला पण. किती करतेस तू आईचं." त्यानंतर तू चौदा महिने होतीस. त्या चौदा महिन्यांत मी तुला एकदाही उंच आवाजात बोलले नाही, हे खरं आहे, पण त्याने काही पुसलं जात नव्हतं. उलट लोकांचं कौतुक वाढत गेलं. तुझ्या मातीला तेव्हाच्या फादरांनी प्रवचनात माझं उदाहरण दिलं. आईची सेवा कशी करावी ते या मुलीकडून शिका म्हणाले. तू पेटीत होतीस आणि मी पहिल्या बाकावर, आणि सगळ्या चर्चने माझ्याकडे वळून पाहिलं. कोणीतरी मागून म्हणालं, हिची स्वर्गात जागा पक्की. मला त्या वेळी उठून ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. कम्युनियनलाही उठले नाही, सगळ्यांना वाटलं दुःखाने. तू असताना तुला एकटीला सोडता येत नाही हे कारण होतं, तू गेल्यावर कंबर. कन्फेशनला जाऊन पाप कबूल करावं, मग कम्युनियन घेता येईल, असं मनात यायचं, पण जाळीपलीकडे ज्यांनी माझं उदाहरण दिलं तेच फादर असायचे. पुढे त्यांची बदली झाली, तोवर मला शेवटच्या बाकाची सवय झाली होती. आपल्या नालायकपणाचीही सवय होते, आई. बसायला कठीण असला तरी तो बाक आपला वाटू लागतो.

चौथ्या दिवशी, बुधवारी, मी पिशवी उघडली. धैर्य वगैरे काही नाही, शनिवारी परत द्यायची होती आणि नाही म्हणायला फोन करायचा मला कंटाळा आला. दमलेल्या माणसाचे पुष्कळ निर्णय असेच होतात. निळं भांडं माळ्यावर सापडलं, बुडाला गंज. रुमाल बुडवले. एकावर लिपस्टिकचा डाग होता, गडद, कोणाचं तरी लग्न झालं असणार, आणि मी एकटीच हसले. पाणी गढूळ झालं आणि मी भांडं घेऊन मागच्या दाराकडे वळले तेव्हा आठवलं की मागचं दार आता नाही. तुझ्यानंतर तीन वर्षांनी शेजाऱ्याने मजला चढवला, मागची जागा त्यात गेली, झाड तोडलं. तोडायच्या आदल्या दिवशी मी मुळाशी फुटलेलं एक रोप काढून रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलं होतं. ते खिडकीच्या ग्रिलमध्ये आहे, उंची माझ्या कोपराएवढी. आठ वर्षांत त्याहून वाढलं नाही, पण मेलंही नाही. त्यात घातलं. बादलीच्या भोकातून थोडं खाली गल्लीतल्या फरशीवर गळलं. त्याला माझा इलाज नव्हता.

शनिवारी पिशवी द्यायला गेले तर फादर कन्फेशनला बसलेले, रांगेत कोणीच नाही. मी परत फिरणार होते. मग काय झालं कोण जाणे, जाऊन गुडघे टेकले. म्हटलं, फादर, बारा वर्षं झाली. म्हटलं, मी माझ्या आईला मारलं, तिला कळत नव्हतं तेव्हा. त्यांनी मग विचारलं, "त्यानंतर आई किती दिवस होत्या?"

"चौदा महिने."

"त्यांचं कोण करायचं?"

"मीच. मी कामावर असताना बाई असायची. बाकी मीच."

"तीन नमो मारिया म्हणा."

मला राग आला. आई, खरंच राग आला, तोंडात मारल्यासारखं झालं. बारा वर्षं मी जे ओझं वाहिलं त्याचं प्रायश्चित्त तीन नमो मारिया, तीन छोट्या प्रार्थना? दीड मिनिटाचं काम. मी म्हटलं, "फक्त तीन?"

"जास्त हवेत का?"

"बारा वर्षं मी कम्युनियन घेतलं नाही, फादर."

"ती शिक्षा तुम्हाला कोणी दिली होती?" त्यांचा आवाज चढला नाही, पण ते भराभर बोलणं थांबलं होतं. "मी दिली नाही. देवाने दिल्याचंही मला माहीत नाही. तुम्ही स्वतःच दिलीत, स्वतःच भोगलीत. आता सोडा ना. तुमची लायकी किती, हे ठरवायचं काम तुमचं नाही."

मी बाहेर येऊन तीन नमो मारिया म्हटले, मुद्दाम सावकाश, तरी दोन मिनिटांत संपले. मग तिथेच बसून राहिले. वरून विमान गेलं. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही, लोक सांगतात तसं. पाय मात्र दुखत नव्हते, एवढं लक्षात आलं. रविवारी मी रांगेत उभी राहिले. समोरच्या बाईने मागे वळून पाहिलं, म्हणाली, "कंबर बरी वाटते?" मी म्हटलं, बरी. हात पुढे केले तर ते थरथरत होते, इतके की फादरनी ती पांढरी चकती माझ्या तळव्यावर ठेवून वर आपलं बोट क्षणभर दाबून धरलं. खाली पडली नाही. मला तुझं वाक्य आठवलं आणि मी चकती तोंडात घेऊन बाकापर्यंत आले. शेवटच्या नाही, मधल्या एका.

आज बुधवार. दुसरी पिशवी आलीय, रुमाल भांड्यात आहेत, आणि मी ओट्याशी बसून हे लिहितेय. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. जागा कमी म्हणून तुझी कबर आता दुसऱ्या कोणाची आहे, तुझी हाडं भिंतीतल्या खणात पप्पांबरोबर आहेत, आणि खणाच्या संगमरवराला फट नाही. हे पत्र इस्त्रीच्या कपाटात, कापडांच्या खाली जाईल. तिथे माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

पण वर एक गोष्ट मी नीट लिहिलेली नाही, आणि फादरनाही नीट सांगितलेली नाही. मी लिहिलं की मी उंबऱ्यावर बसून रडायला लागले आणि मग तू रुमाल घेऊन आलीस. तसं झालं नव्हतं. मी रडत नव्हते, मी उभीच होते, रागाने कापत. तूच आधी आलीस. तुझा गाल लाल झालेला, आणि तरी तू रुमालाचा हात माझ्या तोंडाकडे उचललास, कारण माझ्या कपाळावर घाम होता आणि तुला तेवढंच दिसत होतं. मला वाटलं तू पुन्हा ढकलतेस. वाटलं की नाही तेही आता नक्की सांगता येत नाही. मी पुन्हा मारलं. रुमाल खाली पडला. तू वाकून तो उचललास, मगात बुडवून धुतलास, पिळलास, आणि परत माझ्या तोंडाकडे आणलास. तेव्हा मी बसले. तेव्हा रडले. त्यानंतर तू पुसलंस.

शनिवारी पिशवी परत द्यायला जाईन तेव्हा पुन्हा गुडघे टेकावे लागतील. फादर म्हणतील, आता काय राहिलं? आणि मला सांगावं लागेल. त्यांना मी एकच थप्पड सांगितली होती. दोन होत्या, आई.